मळलेल्या प्रतीची प्रस्तावना

हे पुस्तक तुमच्या हाती आलंय, म्हणजे तुमच्या आधी कुणीतरी ते वाचून संपवलंय आणि शेवट पोटात ठेवून तुमच्याकडे दिलंय. 'रोझाना'ची ही इंग्रजी प्रत मी फोर्टातल्या फूटपाथवरच्या एका ढिगातून साठ रुपयांना उचलली. कव्हर होतं, पण त्यामागची दोन-तीन पानं कुणीतरी आधीच फाडून नेली होती. कादंबरी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत शाबूत. पाठीवरची खाकी पट्टी मी चिकटवली. फाटलेल्या पानांच्या जागी टाचलेले हे वहीचे कागदही माझेच. गेल्या सहा वर्षांत अकरा जणांनी ही प्रत वाचली, आणि दर वेळी ती देताना दारात चपला घालून उभ्या असलेल्या माणसाला मी तेच पुराण ऐकवत आलो: लेखक कोण, नावं कशी म्हणायची, सुरुवात संथ वाटली तरी सोडू नका. शेवटी बायको म्हणाली, "एकदा लिहून का टाकत नाहीस? त्या माणसाची लोकल चुकते." म्हणून ही प्रस्तावना.

रहस्यकथेची प्रस्तावना लिहिणं म्हणजे मिठाची गुळणी धरून गप्पा मारण्यासारखं आहे. कवितेची शिफारस करायची तर एखादी ओळ म्हणून दाखवता येते. पाककृतीच्या पुस्तकाची करायची तर त्यातली भाजी करून वाढता येते. इथं ज्या गोष्टीनं आपल्याला रात्री दोनपर्यंत जागं ठेवलं, नेमकी तीच सांगायची नसते. त्यामुळे बहुतेक लोक "भारी आहे, वाच" एवढं म्हणून मोकळे होतात. या कादंबरीबद्दल मात्र खुन्याचं नाव न घेताही पुष्कळ बोलता येतं, कारण तिची पुंजी त्या नावात नाही. ती कशात आहे, हे सांगायलाच हे कागद खर्ची घातलेत.

स्वीडनच्या दक्षिण भागात देशाला आडवा छेदून जाणारा योता नावाचा एक कालवा आहे. 1810 साली तो खणायला घेतला आणि 1832 मध्ये पुरा झाला. बाल्टझार फॉन प्लाटेन नावाच्या एका आरमारी सरदारानं हट्टच धरला होता, आणि त्या हट्टापायी हजारो सैनिकांनी बावीस वर्षं फावडी चालवली. लांबी 190 किलोमीटर. त्यातला निम्म्याहून कमी भाग हातानं खणलेला, बाकी वाटेतली तळी जोडून घेतलेली. जमीन चढउताराची, म्हणून बोटीला जिन्यासारखं चढवायला आणि उतरवायला 58 लॉक. प्रत्येक लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची कोठडी: बोट आत घ्या, दार लावा, पाणी भरा, बोट वर. पुढं मालवाहतूक रेल्वेनं पळवली आणि कालव्याकडे पर्यटक उरले. अजूनही जुन्या धाटणीच्या छोट्या बोटी स्टॉकहोम ते गोथेनबर्ग हा प्रवास तीन-चार दिवस रमतगमत करतात. त्यातली एक 'डायाना', 1931 साली स्टॉकहोमजवळच्या गोदीत बांधलेली. तिचं नाव ध्यानात ठेवा, पुस्तकात ती भेटेल.

साठच्या दशकात अशाच एका बोटीवरून दोन पत्रकार चालले होते. माय श्योवाल, जन्म 1935, आणि पेर वालो, जन्म 1926. डेकवर एक अमेरिकन बाई एकटीच उभी होती. पेर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघतोय हे मायच्या लक्षात आलं, आणि तिनं सुचवलं की आपलं पुस्तक या बाईच्या खुनानं सुरू करू. ही हकीकत पुढं माय श्योवालनंच मुलाखतींत सांगितली. दोघांनी लग्न केलं नव्हतं, पण संसार केला होता आणि पुढं त्यांना दोन मुलगे झाले. तेव्हा बायकोनं नवऱ्याच्या नजरेचा काढलेला वचपा असंही या कादंबरीकडे बघता येईल. असा वचपा साहित्याला फारच क्वचित फळतो.

त्यांच्या लिहिण्याची रीत मला या पुस्तकाइतकीच आवडते. पोरं झोपली की रात्री दोघं समोरासमोर बसायची. आधी आराखडा पक्का झालेला असायचा. मग एक प्रकरण त्यानं लिहायचं, एक तिनं. दुसऱ्या रात्री कागदांची अदलाबदल: याचं प्रकरण तिनं टाइप करायचं, टाइप करता करता खोडायचं, दुरुस्त करायचं, आणि तिचं यानं. असं करत दोघांनी दहा वर्षांत दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिली ही 'रोझाना', 1965 ची. शेवटची 'द टेररिस्ट्स', 1975 ची. त्याच वर्षी जूनमध्ये पेर वालो गेला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. माय श्योवाल 2020 पर्यंत होती. प्रत्येक कादंबरीत तीस प्रकरणं, म्हणजे दहांची मिळून तीनशे. वाचून पाहा, कुठलं प्रकरण कुणाचं हे ओळखता येत नाही. आमच्याकडे एकीनं पैज लावून प्रयत्न केला. ती हरली, पण जिंकली असती तरी तसं तिला सांगणारा कोण होता?

आता गोष्टीबद्दल, जेवढं मागच्या कव्हरवर छापलंय तेवढंच. जुलै महिना. कालव्याकाठच्या मोटाला गावाजवळ बोरेन्सहुल्त इथं लॉकच्या तोंडाशी गाळ काढायचं काम चाललंय. गाळाच्या बादलीतून एका तरुण स्त्रीचं प्रेत वर येतं. अंगावर कपडे नाहीत, ओळखीची खूण नाही, बेपत्ता असल्याची तक्रार नाही. स्टॉकहोमहून मार्टिन बेक नावाचा अधिकारी सहकाऱ्यांसह येतो. इथून पुढं सहा महिन्यांहून अधिक काळ तपास चालतो आणि त्यातला बराचसा काळ काहीही घडत नाही.

हे 'काहीही घडत नाही' मी मुद्दाम लिहिलंय. पहिल्याच प्रकरणात लेखकद्वय प्रेत दाखवतं आणि लगेच सांगत बसतं की गाळ काढायचं यंत्र तिथं आलं कसं. कुठल्या खात्यानं कुठल्या खात्याला लिहिलं, कागद कुठून कुठं फिरला, कुणी कुणावर ढकललं. आपल्याकडे ज्यानं एकदा तरी सातबाऱ्यावर नाव चढवून घेतलंय, त्याला ही दोन-तीन पानं वाचताना घरच्यासारखं वाटेल. आमच्या एका वाचकानं तिथंच पुस्तक मिटलं. "खून झालाय आणि हे लोक फायलींचं काय सांगतायत?" मी म्हटलं, अहो, ती फाईल सरकली नसती तर प्रेत सापडलंच नसतं. एका कारकुनानं महिनाभर कागद दाबून ठेवला असता तर खुनी कायमचा सुटला होता. त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं.

मग सुरू होते ती वाट बघण्याची कहाणी. 1964 च्या जगात ई-मेल नाही, मोबाइल नाही. वर्णन तारेनं पाठवायचं, फोटो टपालानं, आणि उत्तराची वाट बघायची. आठवडे जातात. बेकच्या घरी बायकोशी बोलणं आटत चाललंय. त्याला सदानकदा सर्दी, पोटाची तक्रार, सिगारेटी मात्र सुटत नाहीत. फावल्या वेळात तो जहाजांची छोटी मॉडेल्स जोडतो. पिस्तूल रोखून 'हॅन्ड्स अप' म्हणणारा हा माणूस नव्हे. हट्ट, तर्क आणि शांत डोकं, एवढ्या तीन गोष्टींवर आपली नोकरी चाललीय असं तो स्वतःलाच समजावतो. सोबतीला कोलबर्ग, जाडजूड आणि फटकळ. मेलांडर, ज्याला एकदा वाचलेलं काहीच विसरता येत नाही. मोटालाचा आल्बेर्ग, ज्याच्या हद्दीत हे घडलंय आणि जो ते मनाला लावून घेतो. यातला एकटा कुणीच हुशारीनं केस सोडवत नाही. सगळे मिळून ती रेटतात.

पुढं अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावाहून खबर येते आणि त्या स्त्रीला नाव मिळतं. मग कळतं की ती 'डायाना'वरून चालली होती, आणि बोटीवर प्रवासी आणि खलाशी धरून 85 माणसं होती आणि ती आता जगभर पांगलीयत. त्यातला एक खुनी, बाकीचे साक्षीदार. पोलीस काय करतात? सगळ्यांना पत्रं लिहितात: तुम्ही त्या प्रवासात काढलेले फोटो आणि फिल्म पाठवा. पर्यटक, म्हणजे कॅमेरा असणारच. हळूहळू पाकिटं येऊ लागतात. कुणाच्या फोटोत नुसतं पाणी, कुणाच्या फोटोत स्वतःची बायको, कुणाची फिल्म हललेली.

आणि मग अंधाऱ्या खोलीत एका हौशी प्रवाशाची फिल्म पडद्यावर चालू होते. तोवर ही स्त्री बेकसाठी प्रेत होती, शवविच्छेदनाचा अहवाल होती, लिंकनमध्ये घेतलेल्या जबान्यांची टंकलिखित पानं होती. आता ती पडद्यावर चालते. तिला माहीत नाही की कुणी आपली फिल्म घेतंय. फिल्म घेणाऱ्यालाही ती दिसत नाहीये, त्याला दृश्य हवंय आणि ही सहज मधे आलीय. खोलीतले चार पोलीस श्वास रोखून बघतात. मी हे प्रकरण आजवर पाचदा वाचलं. पाचही वेळा मला वाटलं की फिल्म तिथंच थांबवावी आणि तिला सांगावं, पुढच्या धक्क्यावर उतर बाई. रहस्यकथेत मेलेल्या माणसाबद्दल असं वाटणं दुर्मिळ. एरवी प्रेत म्हणजे कोड्याची पहिली चौकट असते, ती भरली की आपण पुढं जातो.

इथं आपल्या वाचनाचा इतिहास आठवतो. आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर पोसली. हजाराच्या घरात रहस्यकथा लिहिणारा तो माणूस. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड. सर्क्युलेटिंग लायब्ररीत आठवड्याला दोन पुस्तकं, आणि घरात भावंडांची रांग. त्या कथांचा नायक सहसा पोलिसांहून चार पावलं पुढं असायचा. इन्स्पेक्टर यायचा तो बेड्या घालायला. अगाथा ख्रिस्तीतही शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एक मिशीवाला माणूस उलगडा करतो. त्या पुस्तकांची मजा कमी लेखायचं मला कारण नाही, ती आजही काढून वाचतो. पण त्या मजेचा किल्ला एका तळघरावर उभा असतो, आणि तळघराची किल्ली म्हणजे खुन्याचं नाव. ते फुटलं की किल्ला पडला. म्हणून तर आमच्या लायब्ररीत पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक दुष्ट सभासद होता आणि त्याला शोधण्यासाठी आम्ही जेवढी डोकी लढवली तेवढी अर्नाळकरांनीही लढवली नसतील.

श्योवाल आणि वालो यांनी हा किल्लाच वेगळ्या जागी बांधला. एड मॅकबेन नावाच्या अमेरिकन लेखकानं 1956 पासून एका पोलीस ठाण्यातल्या सगळ्या माणसांना मिळून नायक करणारी मालिका सुरू केली होती. या दोघांनी त्याच्या काही कादंबऱ्यांचं स्वीडिशमध्ये भाषांतरही केलं. पण त्यांना स्वतःचं काही सांगायचं होतं आणि ते अमेरिकेचं नव्हतं, घरचंच होतं. 1928 साली पेर आल्बिन हान्सन या नेत्यानं स्वीडन हे सगळ्या जनतेचं घर झालं पाहिजे, तिथं कुणी लाडका नको आणि कुणी सावत्र नको, अशा अर्थाचं भाषण केलं. 1932 मध्ये त्याचा पक्ष सत्तेवर आला आणि पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक तोच राहिला. दवाखाने झाले, शाळा झाल्या, पेन्शन झाली. जगभरातून लोक हे घर बघायला यायचे. दोघे लेखक कट्टर डाव्या विचारांचे. त्यांचा सवाल असा, की घर एवढं नीटनेटकं आहे तर आतली माणसं इतकी एकटी का?

त्यांनी दहाही कादंबऱ्यांना एकच उपशीर्षक दिलं: एका गुन्ह्याची कादंबरी. दहा पुस्तकांत खून कितीतरी आहेत, शब्द मात्र एकवचनी. त्यांना अभिप्रेत असलेला गुन्हेगार एक माणूस नव्हता; ज्यानं घराचं वचन देऊन माणसांना वाऱ्यावर सोडलं, तो सगळा कारभार होता. 'रोझाना'त हे जवळजवळ दिसत नाही. दोघांनी ठरवून वाचकाला आधी गोष्टीत गुंतवलं आणि मग मालिका पुढं सरकेल तसा आवाज चढवत नेला. शेवटच्या दोन-तीन पुस्तकांत तो कधीकधी कर्कश होतो, हे मी मान्य करतो. 1965 सालीच तिथलं पोलीस खातं गावोगावच्या नगरपालिकांकडून काढून सरकारनं एका छत्राखाली घेतलं. त्याबद्दलची कुरकुर मालिकाभर चालते, आणि ती ऐकताना हे वरचे साहेब आपण कुठंतरी पाहिलेत असं वाटत राहतं.

या दोघांनी खणलेल्या पाटातून मग बरंच पाणी वाहिलं. 1968 च्या 'द लाफिंग पोलिसमन'ला अमेरिकेतला एडगर पुरस्कार 1971 मध्ये मिळाला. हे झालं की तेच वाचा. स्टॉकहोमच्या पावसात एका बसमध्ये नऊ जणांवर गोळ्या झाडल्या जातात आणि त्यात एक तरुण पोलीसही असतो, एवढं पुरे. हॉलिवुडनं 1973 मध्ये त्याचा सिनेमा केला आणि ती बस सान फ्रान्सिस्कोला नेऊन ठेवली. 1991 मध्ये हेनिंग मांकेलनं इस्ताद या छोट्या गावातला कुर्ट वालांडर आणला, बेकचा जणू धाकटा भाऊ, तब्येतीनंही तसाच. स्टीग लार्सन 2004 मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्याची पहिली कादंबरी आली. तिचं स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे. इंग्रजीत जाताना ते 'ड्रॅगन टॅटूवाली मुलगी' झालं. हातोहात जाताना पुस्तकाचं काय होतं, याचा याहून चांगला दाखला नाही: लेखकानं बोट दाखवलं पुरुषांकडे, बाजारानं कॅमेरा फिरवला मुलीच्या पाठीकडे.

शेजारच्या नॉर्वेत तर रहस्यकथा वाचायचा सणच आहे. 1923 च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या तोंडावर, 'आफ्तनपोस्तन' या दैनिकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरं झळकली: बर्गनची गाडी रात्री लुटली. लोक हादरले. ती बातमी नव्हती, नव्या कादंबरीची जाहिरात होती. पुस्तकाचं नावच तसं. नॉर्डाल ग्रीग आणि निल्स ली या दोन तरुणांनी टोपणनावानं ती लिहिली होती, आणि जाहिरातीमागं होता नॉर्डालचा प्रकाशक भाऊ. तेव्हापासून ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेजियन माणूस डोंगरातल्या लाकडी घरी जातो, संत्री सोलतो आणि खुनाच्या गोष्टी वाचतो. त्या दिवसांत दुधाच्या खोक्यांवरही रहस्यचित्रकथा छापतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. चिवडा खात 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकातल्या खून आणि भुतांत रमणारी माणसं आपण. सणाला मारामारी वाचण्यात काही वावगं आहे असं आपल्या आयांनाही कधी वाटलं नाही.

नावांबद्दल दोन शब्द. स्वीडिश नावं वाचताना अडखळायला होतं आणि माणसं एकमेकांत मिसळतात. म्हणून पहिल्या तीन प्रकरणांत भेटेल तो माणूस आणि त्याचं काम एका चिठ्ठीवर टिपून ठेवा. चिठ्ठी पुस्तकातच राहू द्या, पुढच्याला उपयोगी पडेल. शेवटचा 'बर्ग' ते लोक 'बेर्य'सारखा म्हणतात. कालव्याच्या नावाची सुरुवात इंग्रजी 'जी'नं दिसली तरी उच्चार 'योता'. श्योवालमधला पहिला वर्ण 'श' आणि 'ह' यांच्या मधला, गरम चहावर फुंकर घातल्यासारखा. मोटाला गावाचा अस्सल उच्चार मात्र मी कुणाला शिकवत नाही. तो 'मू' ने सुरू होतो आणि मराठी घरात लहान मुलांसमोर चांगला वाटत नाही. मोटालाच म्हणा.

पुस्तक पुढं कुणाला द्यायचं, हा तुमचा प्रश्न. माझा अनुभव सांगतो. जो चित्रपटाचा शेवट मध्यंतरात ओळखतो आणि शेजारच्याला सांगतो, त्याला देऊ नये. ज्याला लगेच वाचायचंच आहे असं तो फार जोरात सांगतो, त्यालाही नको; ते पुस्तक दोन वर्षं टीव्हीखालच्या कप्प्यात पडतं. माझ्या मावसबहिणीनं डोंबिवली लोकलमध्ये उभ्यानं वाचलं आणि एका रविवारी परत आणून दिलं. एका शिक्षकांनी चार महिने घेतले, आठवड्याला दोन प्रकरणं, कारण बेकलाही तेवढा वेळ लागतोच की, असं त्यांचं म्हणणं. मला ते बरोबर वाटलं. हे पुस्तक घाईनं वाचलं तर हातात फक्त खुनी येतो.

परत माझ्याकडे आणू नका. पुढं द्या.

आता त्या पेन्सिलीबद्दल, कारण तुम्हाला ती दिसणारच आहे. चौथ्या की पाचव्या वाचकाकडून प्रत परत आली तेव्हा आतल्या एका पानावर एका नावाभोवती गोल काढलेला होता आणि समासात लिहिलं होतं, "हाच!" उद्गारचिन्हासकट. मला लायब्ररीतला तो दुष्ट सभासद आठवला आणि डोकं फिरलं. कुणी केलं हे विचारायची सोय नव्हती. मधल्या दोघांनी आपापसात अदलाबदल केली होती आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. मी रबर घेऊन बसलो. पण पेन्सिल दाबून चालवलेली. काळं गेलं तरी कागदावर वळ राहिला. म्हटलं, आता ही प्रत बाद.

तेवढ्यात आमच्या सोसायटीतले एक निवृत्त फौजदार काही कामानं घरी आले. इंग्रजी सावकाश वाचतात, पण वाचतात. पुस्तकाचा विषय कळल्यावर त्यांनी ते मागून घेतलं. मी ओशाळून म्हणालो, "काका, यात कुणीतरी खुनी दाखवून ठेवलाय, मजा गेली." त्यांनी चष्मा वर सरकवला, ते पान उघडलं आणि वळाकडे बघत म्हणाले, "अहो, गोल काढून काय होतंय? कोर्टात हा गोल दाखवणार काय? केस डिटेक्ट होणं वेगळं आणि शाबीत होणं वेगळं. आम्हाला आरोपी दुसऱ्या दिवशी ठाऊक असायचा. पुढची दोन वर्षं पुरावा गोळा करण्यात जायची."

तीन आठवड्यांनी प्रत परत देताना ते एवढंच म्हणाले, "लिहिणारा ठाण्यात बसलेला माणूस आहे." मी सांगितलं की दोघे होते, त्यातली एक बाई, आणि दोघेही पत्रकार. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पण त्यांनी जे बोट ठेवलं होतं ते अचूक होतं. या कादंबरीत संशय एका माणसावर पुस्तक संपण्याच्या पुष्कळ आधी येऊन ठरतो. तो बरोबर की चूक, आणि बरोबर असेल तर सिद्ध कसा करायचा, यात उरलेली पानं जातात, आणि सगळ्यांत जास्त धडधड त्याच पानांत आहे. खात्री आहे आणि पुरावा नाही, अशा अवस्थेत एक सर्दी झालेला माणूस काय करतो, कुणाचा जीव पणाला लावतो आणि त्याची त्याला लाज वाटते का, हा या पुस्तकाचा विषय. त्याला पेन्सिल लागत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ज्या स्त्रीचं नाव या पुस्तकाला आहे, ती लिंकनमध्ये ग्रंथपाल होती. लोकांच्या हाती पुस्तकं देणं हीच तिची नोकरी. सुट्टी घेऊन ती एवढ्या लांब आली आणि परत गेलीच नाही. त्या वाचनालयात तिच्या हातून गेलेली पुस्तकं नंतरही लोकांकडे फिरत राहिली असतील. हे लेखकांनी कुठं लिहिलेलं नाही, मी आपला मनात धरून आहे.

त्या वळावरून मी पुन्हा पेन्सिल फिरवली आणि गोल पहिल्यासारखा ठसठशीत केला. पान क्रमांक सांगत नाही; वाचता वाचता येईलच. त्यातलं नाव बरोबर आहे की चूक, हे कृपा करून मला फोन करून विचारू नका. फौजदारकाकांनाही विचारू नका, ते त्यांच्या पद्धतीनं उलटतपासणी घेतात. आधीच्या अकरा जणांनी ते सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही पुढच्याला सांगणार नाही, या भरवशावर प्रत तुमच्याकडे दिलीय.